हुशार पोराच्या गोष्टीतून गाळलेला माणूस

(आगाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांपैकी एकच प्रश्न घेतला आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, सर, पालकांसाठी बोला, हुशार मुलांचं शाळेत काय करायचं त्यावर बोला. मी म्हटलं, मी काही मानसशास्त्राचा माणूस नाही. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, गोष्टी वाचल्या, सिनेमे बघितले. मला गोष्टींबद्दल बोलता येतं. तेव्हा हुशार मुलाची गोष्ट आपण मराठी माणसं कशी सांगतो, ते आज बघू. हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. पालक हेडमास्तरांसमोर जाऊन बसतो तेव्हा त्याच्या डोक्यातही तीच गोष्ट असते आणि हेडमास्तरांच्याही डोक्यात तीच असते. दोघंही तिच्याबाहेरचं बोलू शकत नाहीत.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगून टाकतो. नंतर सांगितली तर धीर होणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. आई पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलं घेऊन दादरला जायची. आपल्या वाड्यांमधल्या कितीतरी बाया जायच्या तशी. मुलगा चुलत बहिणीचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक वाचून संपवून बसलेला. मी फळ्यावर उतारा लिहून होईपर्यंत याचं सगळं झालेलं, आणि मग शेजारच्याशी गप्पा, खोड्या, खडूचे तुकडे. मी दोनदा आईला चिठ्ठी पाठवली. तिसऱ्यांदा ती स्वतःच आली. दुपारची वेळ, डोक्यावरची पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवलेली. म्हणाली, "सर, तो रिकामा बसला की तुम्ही मला बोलावता. तर तो रिकामा बसणार नाही असं कायतरी त्याला द्या ना. ते कपाट आहे पुस्तकांचं, त्यातलं एखादं द्या. फाटलं तर मी भरून देईन."

आता बघा, या बाईने किती नेमकं मागितलं होतं. त्रास काय आहे, कधी होतो, उपाय काय आणि जबाबदारी कोणाची, हे सगळं चार वाक्यांत. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, मला इतकं नेमकं मांडता आलं नसतं. आणि मी काय उत्तर दिलं? "बाई, पोरगा हुशार आहे, तुम्ही कशाला काळजी करता? त्याचं तो बघेल. वर्गात सत्तर मुलं आहेत, त्यातल्या वीस जणांना वाचता येत नाही. मी त्यांच्याकडे बघू की तुमच्या पोराकडे?"

वीस जणांना वाचता येत नव्हतं हे खरं होतं. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती हेही खरं होतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

मी त्या दिवशी असं का बोललो? मी दुष्ट नव्हतो हो. आळशीही नव्हतो फारसा. मी जे बोललो ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आपल्याकडे म्हणच आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हुशारी ही तांबडं फुटण्यासारखी गोष्ट आहे, ती येतेच वर, असा आपला पक्का समज. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हीदुसरी म्हण. दिसतात ना? मग झालं. पुढे चालायला शिकवायचं कुणी, हे म्हणीत नाही.

आणि शब्द बघा आपले. इंग्रजीत त्यांनी 'गिफ्टेड' म्हणजे देणगी मिळालेला असा शब्द केला. त्यातही खोड आहे, पण निदान शब्द आहे. आपल्याकडे 'प्रज्ञावंत' आहे, पण तो सत्काराच्या शालीवरचा शब्द. कुठलीही आई आपल्या पोराला प्रज्ञावंत म्हणत नाही. रोजच्या बोलण्यात काय आहे? हुशार. तो शब्दही जपून वापरायचा, कारण दृष्ट लागते. आणि तेच पोर जरा जास्त बोललं, की मग शब्दांचा तोटा नाही: आगाऊ, चोंबडा, शिष्ट, अतिशहाणा, दीडशहाणा. अतिशहाण्याचा तर बैलही रिकामा जातो. मुलगी असेल तर 'फार अक्कल आलीय' आणि विषय संपला. म्हणजे वर्गाच्या पुढे असलेल्या मुलासाठी आपल्या भाषेत शिव्या डझनभर, आणि त्याची गरज सांगायला शब्द एकही नाही. 'मागे पडला' म्हणतो आपण, त्याच्यासाठी जादा तास असतो. जो पुढे गेला त्याच्यासाठी काय असतं? 'गप्प बस' असतं.

आता गोष्टींकडे येऊ.

आपली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी हुशार मुलांची गोष्ट कुठली? आळंदीच्या चार भावंडांची. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. जरा भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून ऐका, मी वारकऱ्यांची क्षमा मागून बोलतो. परंपरा सांगते की ही मुलं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. म्हणजे काय, अर्ज घेऊन गेली. आम्हाला तुमच्यात घ्या, एवढाच अर्ज. आईबाप नाहीत, बाजू मांडणारं कुणी नाही. समोर विद्वानांची सभा. आणि सभा काय म्हणते? सिद्ध करा. मग रेड्याच्या तोंडून वेद वदवावे लागले, तेव्हा सभा हलली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. ती सांगणारा त्या वेळी जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. या मुलाला आपला हक्क मिळवायला चमत्कार करावा लागला, अशी गोष्ट आपण सातशे वर्षं सांगतोय, आणि रेड्याचं कौतुक करतोय. सभेला कुणी विचारत नाही की बाबांनो, रेडा बोलला नसता तर?

हा पैठणचा नियम अजून चालू आहे. पालक शाळेत जातो आणि म्हणतो, माझ्या मुलीला वर्गातलं गणित फार सोपं जातंय. शाळा विचारते, स्कॉलरशिपला किती मार्क? होमी भाभा परीक्षेत मेडल आहे का? सहावीची ती परीक्षा, तिचे क्लास आता विरारला गल्लोगल्ली निघालेत. स्कॉलरशिप आधी चौथी-सातवीला होती, २०१७ ला ती पाचवी आणि आठवीला गेली. मी या परीक्षांच्या विरोधात नाही, मीच पोरं बसवली आहेत त्यांना. पण तो रेडा आहे. दुसरीतल्या मुलीने रेडा कुठून आणायचा?

आता सिनेमा. 'तारे जमीं पर' तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, २००७ चा. त्याने फार चांगलं काम केलं. डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला, कितीतरी मुलांचा मार वाचला. मी शाळेत असताना बघितलंय, तो सिनेमा येण्याआधीचे शिक्षक आणि नंतरचे शिक्षक यांच्यात फरक पडला होता. त्यातला निकुंभ सर प्राचार्यांकडे जातो आणि ईशानसाठी बोलतो. त्याची तोंडी परीक्षा घ्या म्हणतो, थोडा वेळ द्या म्हणतो. हिंदी सिनेमात शिक्षक नाचताना, गाताना दिसतात, सवलत मागताना क्वचित दिसतात. त्या प्रसंगाला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

पण दोन गोष्टी मला खटकतात. एक म्हणजे, ईशानची चित्रकला ही त्याची खरी देणगी, आणि तिच्यासाठी सिनेमा शाळेकडे काहीच मागत नाही. मागणं सगळं त्याच्या अडचणीसाठी. देणगीचं काय होतं? शेवटी चित्रांची स्पर्धा होते, तो पहिला येतो, चित्र शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर जातं. म्हणजे पुन्हा रेडा बोलला. पहिला आला नसता तर वडिलांचे डोळे भरले असते का?

दुसरी गोष्ट अजून बारीक आहे. त्या घरात एक खरोखर वर्गात पहिला येणारा मुलगा आहे. आठवतो? योहान, ईशानचा मोठा भाऊ. अभ्यासात पहिला, टेनिस खेळतो, पहाटे उठतो. सिनेमाला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही विचारायचं नाही. त्याला वर्गात कसं वाटतं, तो कशाला कंटाळतो, त्याला काय वाचायचं असतं. तो चांगला मुलगा आहे, भावावर माया करतो आणि चौकटीच्या कडेला उभा राहतो. पहिल्या नंबराच्या पोराला काही गरज असू शकते हे इतक्या संवेदनशील सिनेमालाही सुचलं नाही. मला दोष द्यायचा नाही. एका सिनेमात किती मावणार? पण मी तो सिनेमा तिसऱ्यांदा बघताना योहानकडेच बघत होतो, आणि मला माझ्या वर्गातले पहिल्या बाकावरचे चेहरे आठवत होते.

मराठीत परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी', २०१४ चा. मला फार आवडतो. पंढरपूरचा ज्ञानेश, डोक्यात न्यूटन, वडिलांनी बनवलेली सायकल, ती एलिझाबेथ. आईचं स्वेटर विणायचं मशीन बँकेने नेलंय, सायकल विकायची पाळी आलीय, म्हणून पोरं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान टाकतात. सुंदर सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रास्तच आहे. इथे हुशार मुलगा आहे, पण त्याची अडचण एकच: पैसे. पैसे आले की गोष्ट संपली. आणि ही आपली सगळ्यात लाडकी गोष्ट आहे मंडळी. गरीब पण हुशार. दिव्याखाली अभ्यास, माधुकरी, अनवाणी शाळा. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडा, तीच गोष्ट, फक्त नाव बदललेलं. मी तिची चेष्टा करत नाही. गरिबी खरी आहे, त्या दादरला जाणाऱ्या बाईची पाटी खरी होती. पण तिने माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. तिने कपाटातलं पुस्तक मागितलं होतं. गोष्टीत त्या मागणीला जागाच नव्हती म्हणून मला ती ऐकूच आली नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण हुशार मुलाची गोष्ट सांगताना एक माणूस नेमाने गाळतो.

बाबासाहेबांची गोष्ट घ्या. एल्फिन्स्टन हायस्कूल, परळची चाळ, पहाटेचा अभ्यास, १९०७ साली मॅट्रिक. हे सगळ्यांना पाठ आहे. मला सांगा, कृष्णराव अर्जुन केळुसकर हे नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. चार, पाच. बरं. केळुसकर गुरुजी मराठीतले मोठे लेखक, शिवाजी महाराजांचं त्यांनी लिहिलेलं चरित्र प्रसिद्ध आहे. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. म्हणजे भीमरावांच्या शाळेतले नव्हेतच! चर्नी रोडच्या बागेत ते जायचे आणि तिथे एक मुलगा शाळा सुटल्यावर वाचत बसलेला दिसायचा. त्यांनी चौकशी केली. पुस्तकं दिली. मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला, त्यात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. आपण इथवर सांगतो, कारण पुढे १९५६ आहे आणि गोष्ट छान जुळते. पण पुढचं ऐका. इंटरनंतर शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा केळुसकर सयाजीराव महाराजांकडे गेले, मुलाला बरोबर घेऊन. शब्द टाकला. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली बी. ए.

बाबासाहेब केळुसकरांमुळे झाले असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणं मूर्खपणाचं होईल. मी गोष्ट सांगणाऱ्यांबद्दल बोलतोय. आपण केळुसकरांना तळटीप करतो, आणि मग श्रोत्याच्या मनावर ठसतं की एवढ्या प्रचंड बुद्धीचा मुलगा, तो वर आलाच असता. आलाच असता? त्याच काळात, त्याच चाळींमध्ये, बागेत वाचत बसलेली किंवा बागेपर्यंतही न पोहोचलेली दुसरी मुलं नव्हती? त्यांची गोष्ट कुणी लिहिली नाही, कारण त्यांना केळुसकर भेटले नाहीत.

आणि केळुसकरांनी केलं काय ते बघा. परीक्षा घेतली नाही. मेडल मागितलं नाही. मुलगा काय करतोय ते पाहिलं, त्याला पुढचं पुस्तक दिलं, आणि जिथे आपल्या शब्दाला वजन आहे तिथे जाऊन तो खर्च केला. मुलासाठी बोलणं म्हणजे एवढंच असतं.

ज्याला असा माणूस मिळाला नाही, त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. लहानपणी आई गेली, वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्या आकडेमोडीतून पोराला अंकांचं वेड लागलं. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं. आणि मग? पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. सुट्टीत, प्रवासात संख्यांशी खेळत राहिले. त्यांनी 'डेम्लो संख्या' काढल्या, त्यातलं डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन बरं का! (हशा) गाडीची वाट बघताना आपण काय करतो आणि ते काय करत होते. इथल्या गणित्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, पोरखेळ म्हणाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

त्यांचा खेळ तुम्हाला करून दाखवतो, कारण माझा पुढचा मुद्दा त्यातच आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. ३५२४ घेऊ. आकडे उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने, २३४५. वजा करा. ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८. किती? ६१७४. आता ६१७४ वर करून बघा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! तिथून हलतच नाही. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येता. १९४९ साली कापरेकरांनी हे मांडलं.

आता मला सांगा, यात गणित कुठलं आहे? हातच्याची वजाबाकी. तिसरी-चौथीची. बाकीची मुलं वहीत वीस वजाबाक्या करत असतात, तेव्हा ज्याला ती केव्हाच येते त्याला म्हणायचं, बाळा, तू तीन अंकी संख्या घे आणि ही शेवटी कुठे अडकते ते शोध. (४९५ वर, सांगू नका त्याला.) तोही वजाबाक्याच करणार, विसाच्या जागी चाळीस करणार, आणि तोंडातून शब्द काढणार नाही. याला खर्च किती? शासन निर्णय लागतो का? वेगळी तुकडी लागते का? एक गणित फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं.

वेगळ्या शाळेबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर कुणी विचारेलच. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी काढली, १९६९ ला प्रशाला सुरू झाली. बुद्धीच्या चाचण्या मराठीत, आपल्या मुलांसाठी तयार केल्या. शासनानेही साठच्या दशकात विद्यानिकेतनं काढली, खेड्यातल्या मुलांसाठी. पुढे १९८६ च्या धोरणातून नवोदय आली. ही सगळी मोठी कामं आहेत. माझा त्यांच्याबद्दलचा आक्षेप गोष्टीतलाच आहे: हुशार मूल देशाच्या कामाला येईल, नेता होईल, म्हणून त्याला शिकवायचं, असा सूर त्यांच्या कौतुकात कायम असतो. मागे पडलेल्या मुलाला शिकवताना आपण असं काही विचारतो का? त्याला शिकायचा हक्क आहे म्हणून शिकवतो. पुढे असलेल्याला मात्र आधी देशाला हमीपत्र लिहून द्यावं लागतं. शिवाय या शाळांत जाणारी मुलं किती? बाकीची सगळी आगाशीतच, आहेत त्या वर्गात, आहेत त्या बाकावर बसणार. आणि चाचणीचंही असं आहे, अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून हजारावर हुशार मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्या निवडीत जी मुलं बाहेर पडली त्यातल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकली आणि अल्वारेझ. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

मग आहे त्या वर्गात काय मागायचं? कायद्याचा आधार आहे, तो पालकांना कुणी सांगत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, कलम २४. शिक्षकाची कर्तव्यं त्यात आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं वगैरे, आणि त्यातच आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे लागेल ते जादा शिकवणं. प्रत्येक मुलाची. फक्त मागे पडलेल्या मुलाची, असं लिहिलेलं नाही. आपण तसं वाचायची सवय लावून घेतली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही चौथ्या प्रकरणाच्या शेवटी विशेष प्रतिभेच्या मुलांबद्दल परिच्छेद आहेत, त्यांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचं द्या, शाळा-शाळासंकुल-जिल्हा पातळीवर मंडळं काढा. मंडळं निघतील तेव्हा निघतील. पण कागद आहे.

तरी माझं ऐका, कलम हातात घेऊन शाळेत जाऊ नका. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलोय. पालक कायदा बोलला की शिक्षकाचा पहिला विचार येतो तो आपल्या नोकरीचा. मुलाचा विचार तिथेच संपतो. कलम पिशवीत राहू दे.

(यानंतर वक्त्यांनी श्रोत्यांचे प्रश्न घेतले.)

प्रश्न, एका आजोबांचा: नात तिसरीत आहे. घरी सहावीचं गणित करते. शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं. सूनबाई म्हणते, बाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, फुशारकी मारायला आले. कसं सांगायचं?

आजोबा, सूनबाईंची भीती बरोबर आहे. मीही तसंच म्हटलं असतं. म्हणून 'आमची नात हुशार आहे' हे वाक्यच बोलायचं नाही. त्यावर शिक्षकाला एकच उत्तर येतं, ते मी मघाशी सांगितलं. वही न्या. घरी केलेलं गणित, तिच्या अक्षरातलं, चुकांसकट. आणि शाळेची वही न्या, त्याच आठवड्याची. दोन्ही शेजारी उघडून ठेवा आणि गप्प बसा. बाई स्वतः बघतील. माणसाने स्वतः बघितलेलं त्याला फुशारकी वाटत नाही.

मग एकच गोष्ट मागा, लहान आणि मुदतीची. पंधरा दिवस करून बघू या का, म्हणा. धड्याखालची शेवटची, सगळ्यात अवघड पाच गणितं तिला आधी देऊन बघा. ती बरोबर आली तर पहिली वीस माफ, आणि त्या वेळात तिने पुस्तक वाचायचं. किंवा गणिताच्या एका तासाला पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू दे. तेवढ्यासाठी हजेरीपटावरचं नाव हलवावं लागत नाही. बाईंचं काम वाढणार नाही असंच काहीतरी मागा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. तेव्हा सुकेळीचा एक पुडा घेऊन जा, लाच म्हणून नव्हे, तुमच्या आगाशीची रीत म्हणून. (हशा) सुकेळी करणाऱ्यांना माझं म्हणणं कळेल. राजेळी केळं चांगलं असतं म्हणून आपोआप सुकेळी होत नाही, रोज उन्हात घालावं लागतं आणि रोज काढावं लागतं.

आणि पोटदुखीला खोटी म्हणू नका. ती खरी दुखते.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. तो नापास झाला नाही, वाया गेला नाही. त्याने काय केलं, त्याने सावकाश लिहायला शिकून घेतलं. सत्तर मुलांचा उतारा संपेपर्यंत आपलाही संपू नये म्हणून. सहावीत त्याच्या खोड्या बंद झाल्या, आम्ही शिक्षक खोलीत म्हणालो, सुधारला. आठवीपर्यंत तो प्रश्न विचारायचा थांबला होता. दोन वर्षांपूर्वी विरारला फलाटावर भेटला, वाकून नमस्कार केला. चांगली नोकरी आहे, संसार आहे. म्हणाला, "सर, माझं अक्षर तुमच्या तासाला सुधारलं. एकेक अक्षर किती वेळ पुरवता येतं ते बघायचो मी." अगदी प्रेमाने म्हणाला. तेवढ्यात गाडी आली आणि तो चढला.